टिकलीखालचा दिवा

मगदूम सिस्टरनी डॅशबोर्डवर टिकली चिकटवली होती,
मरून रंगाची, मधल्या आकाराची,
बरोबर इंजिनाच्या त्या पिवळ्या दिव्यावर.
अकरा महिने झाले, म्हणाल्या, डोळ्यात जातो.
रात्रपाळी संपवून मिरजेहून येताना
रस्त्यावर दुसरं काहीच पेटलेलं नसतं.

शोरूमनं दोनदा सेन्सर बदललाय.
जुने दोन्ही त्यांनी जपून आणले होते
औषधाच्या पिशवीत, गाठ मारून,
मुतखडा काढल्यावर नातेवाइकांच्या हातात देतात तसे.

कुपवाड रोडला माझं दुकान, पत्र्याचं.
स्कॅनर लावला. तोच कोड.
ऑक्सिजन सेन्सर, हीटर सर्किट.
लोक सेन्सर वाचतात आणि थांबतात.
दस्तगीर उस्ताद म्हणायचे, शेवटचा शब्द वाच.
सर्किट म्हणजे बॅटरीपासून निघून
बॅटरीपर्यंत परत आलेली अख्खी वाट.
त्या वाटेवर पाटी लावलेलं दुकान एकच,
म्हणून सगळे त्याच्याच दारात भांडायला जातात.

कपलर सोडवला, मीटर धरला.
बारा पॉइंट एक.
‘नॉर्मल ना?’ सिस्टर स्टूल ओढून जवळ आल्या.
मीटरला नॉर्मलच दिसणार, म्हटलं,
मीटर काही मागत नाही तारेकडून.
ज्याला काही द्यायचंच नाही
त्याच्याशी कुणीही गोड बोलेल.

मग ब्रेकलाइटचा जुना बल्ब घेतला,
दोन वायरी डकवलेला, उस्तादांच्या वेळचा,
आणि कपलरला टेकवला.
पेटला नाही. म्हणजे पेटला,
विझत्या विडीएवढा.
मीटर उतरला. बारा. सात.
चारवर येऊन बसला.
सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या,
नाडी मोजताना बघतात तशा.

फ्यूज धड. रिले धड.
तारेमागनं मी आत आलो,
डाव्या सीटचे चौदाचे बोल्ट काढले,
सहज निघाले नाहीत,
आणि गालिचा उचलला.
टेपखालचा जॉइंट हातात आला तसाच सुटला.
आत तांबं नव्हतं.
द्राक्षबागेत फवारतात त्या मोरचुदाच्या
रंगाची भुकटी होती,
आणि दोन-तीन धागे, जिवंत.
एवढ्यांच्या जोरावर मीटर बारा दाखवत होता.

गालिच्याखाली गाळ.
वाळलेला, पापडासारखा उललेला.

मी उंदीर म्हणणार होतो.
उंदीर म्हटलं की गिऱ्हाईक निवांत होतं,
उंदराचं काही लागत नाही मनाला.
पण त्यांनी वाकून चिमूटभर उचलला,
बोटात चोळला, वास घेतला.
माहेर हरिपूर.
‘धनपाल म्हणाला होता,
पुरात गाडी तासगावला होती, माळावर.
शपथ घ्यायला लागला,
मीच म्हटलं, मावसभाऊ तू, शपथ कसली.’
मग थोड्या वेळानं,
‘आयर्विनला पाणी किती होतं तेव्हा.’
हा प्रश्न नव्हता.

मी तार कापली, तांबं लाल लागेपर्यंत कापत गेलो.
दोन वीत नवी टाकली, डाग दिला,
नळी चढवून लायटरनं आवळली.
बल्ब असा पेटला
की दोघांनी तोंड फिरवलं.

कोड पुसला. विश्रामबागपर्यंत जाऊन आलो,
गाडी गार होऊ दिली, चहा झाला, परत जाऊन आलो.
टिकलीच्या कडेनं काही येत नव्हतं.

‘किती?’
साडेचारशे.
‘आणि हे दोन सेन्सर?’
चांगले आहेत दोन्ही, म्हटलं,
बिघडले नव्हतेच कधी.

पिशवीची गाठ त्यांनी पुन्हा घट्ट केली.
मी टिकलीला नख लावलं
तर म्हणाल्या, ‘असू दे अजून.
रविवारी धनपालच्या मुलीचा साखरपुडा आहे.
जाऊन आल्यावर काढू.’